प्रकरण अकरावे : यंदा आयसिंग नाही

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी अक्का बेकरीच्या मागच्या खोलीत आली, तर टेबलावर आयसिंगच्या साखरेचा डबा नव्हता. अंड्यांची टोपली नव्हती, घोटायचं मोठं भांडं नव्हतं. त्या जागी जर्दाळूच्या जॅमची एक बरणी, कोरा ब्रश, वाटीभर सोललेले बदाम, साखरेत मुरवलेल्या संत्र्याच्या चकत्या आणि पुठ्ठ्यात कापलेली एक चांदणी असा सगळा संसार मांडून ठेवलेला होता. मांडणी इतकी नीटनेटकी की कोणाची, हे विचारायची गरजच नव्हती.

"साखरेचा डबा कुठे गेला?" अक्काने तरी विचारलं.

"वर ठेवलाय, अक्का," नवी म्हणाली. नवी म्हणजे अक्काच्या धाकट्या भावाची बायको. लग्नाला बारा वर्षं झाली, केसांत पांढरं डोकावू लागलं, तरी या घरात तिची नवी काही जुनी झाली नव्हती. "म्हटलं, यंदा जरा हलकं करू या. वरून जॅमचा पातळ हात, थोडे बदाम, मधोमध चांदणी ठेवून साखर भुरभुरवायची. बाजू उघड्याच ठेवायच्या. आतला केक दिसतो ना, फार छान वाटतं."

बाजू उघड्या. अक्काने एप्रनच्या खिशात हात घातला आणि खिशातली वस्तू मुठीत घट्ट धरली.

"कोणी ठरवलं हे?"

"सगळ्यांनीच."

"सगळ्यांत मी कधीपासून येत नाही?"

नवी हसली आणि ब्रश धुवायला नळावर गेली. स्वच्छ ब्रश धुवायला जाणारी बाई काहीतरी लपवत असते, हे अक्काला पक्कं ठाऊक होतं, कारण गेली दोन वर्षं ती स्वतः हेच करत आली होती.

तर या घराचं आयसिंग. त्याची कीर्ती अशी की गिऱ्हाइकं केकबरोबर हातोडी मागायची, अर्थात थट्टेने. बोटभर जाड, पांढरंशुभ्र, टणक. दर नाताळात दुकानाच्या काचेत एक मोठा केक मांडायचा आणि संध्याकाळी घरच्यांनी तो कापायचा. तो काचेतला केक ज्याच्या हातचा, भट्टी त्याची. तात्यांनी, म्हणजे अक्काच्या वडिलांनी, मरताना दुकान मुलाला दिलं आणि भट्टी मुलीला. "ज्याचं नाक, त्याची भट्टी," असं म्हणायचे ते. पाव झाला की नाही हे झाकण न उघडता सांगणारं नाक अक्काचं होतं. भावाच्या नाकाला फक्त सर्दी कळायची.

आणि ते नाक दोन वर्षांपूर्वी गेलं. थंडीतला एक साधा ताप आला, आठवडाभर राहिला आणि जाताना वास घेऊन गेला. अक्का वाट बघत राहिली. कांदा हुंगला, रॉकेल हुंगलं, नवऱ्याचे मोजेसुद्धा हुंगले. काही नाही. हे तिने एका नवऱ्याशिवाय कोणालाही सांगितलं नव्हतं. त्याचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान; सासुरवाडीसकट सगळे त्याला घड्याळजीच म्हणत. त्याने काही न बोलता एक लहानसं गजराचं घड्याळ करून दिलं. तेच आता तिच्या खिशात होतं. पण भट्टी लाकडावरची. लाकूड ओलं असलं की तिचा एक स्वभाव, सुकं असलं की दुसरा, आणि घड्याळाला त्यातलं काय कळणार? गेल्या वर्षीचा केक एका अंगाने इतका लागला होता की कड तडकली होती. अक्काने तो भिंतीकडे वळवला, वर आणखी एक थर दिला आणि लोकांनी वाहवा केली.

यंदाचा केक अजून कागदात होता. भाजल्यावर भोवतीचा कागद काढायचा नाही, तसाच गुंडाळून रममध्ये मुरत ठेवायचा आणि सजवायच्या दिवशीच सोलायचा, अशी इथली पद्धत. म्हणजे आत काय शिजलं होतं ते अक्कालाही माहीत नव्हतं. कागद सोलल्यावरही कळणार नव्हतं. सुक्यामेव्याचा केक मुळातच काळा. त्यात करपलेला काळा कुठला आणि चांगला काळा कुठला, ते डोळ्यांना दिसत नाही. एक मात्र तिला आठवत होतं. केक भट्टीत असताना नवी ट्रे मागायच्या निमित्ताने आत आली होती, दारातच थबकली होती आणि मग न विचारता तिने खिडकी उघडली होती.

त्या खिडकीचा विचार अक्का गेले कित्येक दिवस चघळत होती. भर थंडीत कोण खिडकी उघडतं?

ती तडक पुढे गेली. भाऊ गल्ल्यावर बसला होता. गल्ल्यावर बसतो म्हणून त्याला शेठ म्हणायचं, एरवी त्याच्यात शेठसारखं पोटाशिवाय काही नव्हतं.

"शेठ, केकचं काय चाललंय?"

"काय चाललंय?" शेठने पिशव्यांचा गठ्ठा उगाच सरळ केला.

"मला विचारू नकोस, मी तुला विचारतेय."

"अगं, लोकांना हल्ली इतकं गोड नको असतं, अक्का. दात दुखतात लोकांचे."

"लोकांचे दात तुला कधीपासून दुखायला लागले? काल जिन्यात तुम्ही तिघं काय बोलत होतात?"

"कोण तिघं?"

"तू, तुझी बायको आणि आई. 'आधी कागद निघू दे, तोवर तिला काही बोलू नका.' आईचा आवाज मला ओळखता येतो. अजून कान शाबूत आहेत माझे."

'अजून' हा शब्द तोंडातून गेला आणि तिला वाटलं, चुकलं. शेठने झटकन वर पाहिलं आणि तितक्याच झटकन खाली.

"आईलाच विचार ना," तो पुटपुटला. "मला कशाला मधे घेतेस? माझं आपलं इकडे आड, तिकडे विहीर."

म्हणजे आड होता आणि विहीरही होती. अक्काला एवढं पुरेसं होतं. नवीला भट्टी हवी, शेठ बायकोच्या मुठीत, आई सुनेच्या बाजूने. उद्यापासून आपण इथे पिशव्यांना घड्या घालत बसायचं. सहा वर्षांची असल्यापासून ती तात्यांच्या पायाशी भट्टीपुढे बसत आली होती. भट्टी गेली की आपण या घरात कोण?

पण नाकाचं यांना कळलं कसं? हे माहीत असणारा माणूस एकच.

तो माणूस त्या वेळी दुकानाच्या काचेत पालथा पडला होता. डोळ्याला भिंग, हातात बारीक पेचकस. केकखालचा फिरता स्टँड त्याने उलटा करून उघडला होता. तात्यांच्या वेळेपासून तो स्टँड बंदच होता. किल्ली होती, पण फिरायचं त्याने कधीच सोडून दिलं होतं. त्यामुळे केकला एक पाठ होती आणि ती भिंतीकडे असायची.

"अहो, हे काय करताय?"

"फिरेल आता," घड्याळजी आनंदाने म्हणाला. "एक दात वाकला होता, बस्स."

"कोणी सांगितलं करायला?"

"आईंनी."

"आणि तुम्ही मला बोलला नाहीत?"

"मला वाटलं तुला ठाऊक असेल."

"मला काय ठाऊक असतं? सगळ्या गल्लीला कळलं की शेवटी माझा नंबर!" अक्का वाकून हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही सांगितलंत ना?"

"काय?"

"माझ्या नाकाचं."

घड्याळजीने भिंग काढलं. "नाही."

"मग काय, त्यांना स्वप्न पडलं? इकडे केक उघडा ठेवायचं ठरतं, तिकडे स्टँड फिरायला लागतो. चारी बाजूंनी मला उघडी पाडायची तयारी, आणि पेचकस कोणाच्या हातात? माझ्याच नवऱ्याच्या!"

"मी नाही सांगितलं," तो म्हणाला आणि पुन्हा भिंग लावून कामाला लागला.

तो चिडला असता तर तिने विश्वास ठेवला असता. शपथ घेतली असती तरी कदाचित ठेवला असता. पण हा माणूस स्टँडच्या पोटात डोकं घालून गप्प बसला, म्हणजे याच्या मनात काहीतरी आहे. इतक्या वर्षांच्या संसारात हा गप्प बसला की काहीतरी असतंच, हे तिला माहीत होतं. घरचा भेदी म्हणतात तो हाच, असं मनाशी म्हणत ती मागे फिरली. काचेतल्या त्या माणसाच्या टकलाकडे बघून तिला रडू आलं, पण रडायला वेळ नव्हता.

दुपारी शेठने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि सगळे मागच्या खोलीत जमले. आई वरून एकेक पायरी करत उतरली. आई मूठभर, पण ती खोलीत आली की लोक आपोआप खुर्ची सोडायचे. बसल्याबसल्या तिने टेबलावरची बरणी बघितली, बदाम बघितले आणि मग कागदातला केक. अक्काकडे बघितलं नाही.

"सोला कागद," ती म्हणाली.

"थांबा." अक्काने केकवर हात ठेवला. "आधी मला कळू दे. तात्यांची रीत मोडायची ती कोणाच्या सांगण्यावरून? या घरचा केक बोटभर आयसिंगखाली गेलाय कायम. लोक आपल्याला त्यावरून ओळखतात. आणि आज ही चार बदाम घेऊन उभी राहते, नि तुम्ही सगळे माना डोलावता?"

"माझ्या सांगण्यावरून," आई म्हणाली.

नवीने मान खाली घातली. अक्काला वाटलं होतं ती विजयाने बघेल. तसं काही झालं नाही, आणि त्याने अक्काचा संशय आणखीच वाढला.

"आणि रीत कसली गं?" आई पुढे म्हणाली. "तू पाळण्यात होतीस तेव्हा या घरचा केक उघडाच असायचा. जॅमचा असाच पातळ हात, वर बदाम. तुझ्या तात्यांना आयसिंग बघवायचं नाही. म्हणायचे, चुना फासायला केक म्हणजे काय भिंत आहे?"

"मग?"

"मग त्यांनी घड्याळ घेतलं."

शेठ हसला. कोणीच हसत नाही म्हटल्यावर गप्प झाला.

"जन्मात घड्याळाकडे न बघणारा माणूस. झोपेत असला तरी पाव झाल्याचं त्याला कळायचं. तो एक दिवस खिशात घड्याळ घालून भट्टीवर आला, आणि त्याच नाताळात म्हणाला, यंदा आयसिंग करू. पहिल्या वर्षी पातळ होतं. पुढच्या वर्षी नखाएवढं. मग बोटाएवढं. लोक म्हणाले, काय ते आयसिंग! मी म्हटलं, म्हणोत बापडे."

"तात्यांना वास येत नव्हता?" शेठचं तोंड उघडंच राहिलं. "अगं, पण ते तर उठता-बसता म्हणायचे, ज्याचं नाक—"

"नाक गेल्यावरच म्हणायला लागले ते. आधी कधी म्हणाले नव्हते." आईने टेबलावरचा एक बदाम उचलला, नुसता हातात फिरवला. "मला त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. वाटलं, माणसाची अब्रू आहे, झाकलेली बरी. शेवटच्या आजारात मी त्यांच्या उशाशी फुलं आणून ठेवली, चांगली वासाची. तर म्हणाले, कागदाची फुलं कशाला आणलीस? तेव्हा मला वाटलं, विचारायला हवं होतं गं. इतकी वर्षं हा माणूस एकटाच होता."

घड्याळजी खाकरला. तो दारात उभा होता, हातात अजून पेचकस.

"ते घड्याळ माझ्याकडे यायचं. लग्नाच्या आधीपासून. मिनिटाचाही फरक नको म्हणायचे. मी एकदा विचारलं, भट्टीवाल्याला मिनिटं कशाला हो लागतात? तेव्हा त्यांनी माझ्या दुकानाचं दार लोटून घेतलं आणि सांगितलं."

"आणि तुम्ही मला बोलला नाहीत?" अक्काचा आवाज चढला. "माझ्या बापाचं, मला? इतकी वर्षं?"

"त्यांनी शब्द घेतला होता." तो तिच्याकडे बघत होता, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात जरा दुखावल्यासारखं आलं. "त्यांचं तुला नाही सांगितलं, तो मी तुझं यांना सांगेन?"

अक्काला कुठे बघावं कळेना. सकाळी ती त्याला घरचा भेदी म्हणाली होती, निदान मनात तरी. पण संशय ही चिकट वस्तू. एका बोटावरून पुसली तर दुसऱ्याला लागते.

"मग आई, तुला सांगितलं कोणी?"

"तुझ्या आयसिंगने. दर वर्षी काटा रुतवून बघते मी. गेल्या वर्षी काटा वाकला. आणि तुझा एप्रन टिकटिक करतो. मी म्हातारी आहे, बहिरी नाही."

अक्का खिशावर हात दाबून उभी राहिली. खरंच टिकटिक ऐकू येत होती. सगळ्यांना येत होती. मग ती नवीकडे वळली.

"आणि तुला काय मिळणार यातून? खरं सांग."

"भट्टी," नवी म्हणाली.

शेठ चपापला. "अगं—"

"खोटं कशाला बोलू? बारा वर्षं मी कागद कापतेय आणि ट्रे पुसतेय. मला भट्टी शिकायचीय. त्या दिवशी वास आला तेव्हा खिडकी उघडली मी, आणि मनात आलं, आता सांगितलं तर भट्टी माझी." नवीचे कान लाल झाले होते, पण ती थांबली नाही. "आईंकडे गेले सांगायला. त्यांनी पहिलं मलाच झाडलं. म्हणाल्या, त्याच वेळी अक्काला का नाही सांगितलंस? खिडकी कसली उघडतेस, तोंड उघडायचं होतं. ते माझं चुकलं, अक्का."

हे उत्तर अक्काने मनात रचलेल्या कुठल्याच उत्तरांत नव्हतं. तिने केकवरचा हात काढला.

नवीने दोरा सोडला. कागद रमने ओला झाला होता, तो पट्टीपट्टीने निघाला. काळाभोर, चकचकीत, भारदस्त केक टेबलावर उभा राहिला. सगळे वाकले. आणि अक्का केककडे नाही, त्यांच्या चेहऱ्यांकडे बघू लागली. दोन वर्षांत ती याच धंद्यात तरबेज झाली होती. पाव कसा झालाय ते गिऱ्हाइकाच्या भुवईवरून ओळखायचं.

शेठची नाकपुडी हलली. "झकास!" तो जरा जास्तच मोठ्याने म्हणाला. घड्याळजीने तिची नजर चुकवली. आई डोळे मिटून बसली होती. नवी केककडेच बघत राहिली, ओठ घट्ट मिटून.

अक्काला आठवलं, तात्या असेच उभे राहायचे. याच टेबलाशी, पाठीमागे हात बांधून, एकेकाच्या तोंडाकडे बघत. लहानपणी तिला वाटायचं ते कौतुकाची वाट बघताहेत. तेवढा एक प्रश्न त्यांनी जन्मभर कोणाला विचारला नव्हता.

"करपलाय का?" अक्काने विचारलं.

"छे छे, कुठे काय—" शेठ म्हणाला.

"तू गप्प बस. नवी, तू सांग."

"हो," नवी म्हणाली. "भट्टीच्या आतल्या अंगाला होती ती बाजू. करपट वास येतोय. पण खोल नसावं. तासलं तर निघेल."

"आणि बाकीचा?"

"बाकीचा चांगला आहे."

"चांगला म्हणजे काय? नीट सांग. काय वास येतोय?"

नवीने डोळे मिटले आणि केकवर वाकली. "रम. मग संत्र्याची साल. दालचिनी थोडी पुढे आलीय. आणि... मागे लोण्याचा. भाजलेल्या लोण्याचा, खमंग."

अक्का ऐकत राहिली. दालचिनी पुढे आली होती. या वेळी मुठीने टाकली होती, आठवलं तिला. लोणी मागे असायला हवं, तसंच होतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिला तिचा केक कळत होता. डोळे भरून आले ते तिने पुसले नाहीत.

"पुन्हा सांग," ती म्हणाली.

नवीने पुन्हा सांगितलं.

मग अक्कानेच सुरी घेतली. नवी बोट ठेवायची, ती तिथे तासायची, "अजून," "अजून थोडं," "बस्स." केकची एक बाजू सपाट झाली. खाली पडलेला काळा चुरा आई निवडून खात बसली, सगळे नको नको म्हणत असताना. कोमट जॅमचा हात फिरला, बदाम बसले, संत्र्याच्या चकत्या बसल्या. पुठ्ठ्याची चांदणी ठेवून नवीने वरून साखर भुरभुरवली, आणि चांदणी उचलायचा मान अक्काला दिला.

केक काचेत गेला. घड्याळजीने किल्ली दिली आणि इतक्या वर्षांनी स्टँड कुरकुरत फिरू लागला. अक्का फुटपाथवर उभी राहून बघत होती. गोल बाजू गेली, आणखी गोल बाजू गेली आणि मग ती तासलेली, सपाट बाजू रस्त्याकडे आली. तिचा हात आपोआप पुढे झाला, केक वळवायला. पण मध्ये काच होती, आणि तो आपला आपण पुढे गेला.

शेजारी नवी येऊन उभी राहिली.

"नाताळ झाला की पहाटे भट्टीवर यायचं," अक्का तिच्याकडे न बघता म्हणाली. "पीठ मी मळीन. वास बदलला की सांगायचं."

"हो. तुमच्या कानात सांगेन, अक्का. कोणाला कळणार नाही."

"कानात कशाला?" अक्का म्हणाली. "ओरडून सांग. ऐकू दे की सगळ्या गल्लीला."